जानेवारीअखेर दहा किलोचा कटला

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. आसावरीने तर नाहीच. बायकोला मी सांगितलंय, ही टेक्निकल लॉगबुक आहे, त्यात तिला रस वाटणार नाही.
संकल्प: ३१ जानेवारीपर्यंत दहा किलोचा कटला. एकच पुरे. पण दहा किलो. नऊ चालणार नाही.
आणखी एक संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठणे. आणि ऑफिसचा विचार न करणे.
नोंद असावी म्हणून: वय सेहेचाळीस. इलेक्ट्रॉनिक सिटीत एकाच कंपनीत अठरा वर्षं. चार नोव्हेंबरपासून तीन महिने सुट्टीवर. सुट्टी मी घेतली आहे. एचआर तिला मेडिकल लीव्ह म्हणते, तो त्यांच्या फॉर्मचा प्रश्न. झालं एवढंच की सॉफ्टवेअरची रिलीज फसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पार्किंगच्या सहाव्या मजल्यावर कठड्यापाशी हवा खात उभा होतो. बूट काढून, कारण पाय आखडले होते. सिक्युरिटीवाल्याने उगाच गाजावाजा केला.
डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या. त्यांच्या मनात बहुतेक कुंड्या असाव्यात. मी मासेमारी निवडली.

३ डिसेंबर, मंगळवार.
काठी, रीळ, तीन जाडीचे दोरे, गळांची पाकिटं, शिशाची वजनं, फ्लोट, पाण्यात सोडायचा थर्मामीटर. सगळं आलं. हॉलमध्ये मांडलं. आसावरी म्हणाली, छान दिसतंय. मग थर्मामीटरची दोरी किती लांब आहे, पाणी किती खोल असतं, असं बरंच विचारलं. तिला विषयात गोडी लागतेय.
चौदा व्हिडिओ पाहिले. थंडीत पाणी गार, मासा सुस्त. खोल जातो, कमी खातो. म्हणजे कसब लागणार, म्हणजे माझ्यासारख्या माणसाचं काम. पहाटेचा तास सोन्याचा, असं इंग्लंडमधला एक मनुष्य सांगतो. त्याच्या मागे बर्फ होता. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणजे आपल्याला आणखी सोपं.
गोळ्यांनी झोप येते. फ्लोट बुडाला तर अर्ध्या सेकंदात झटका द्यावा लागतो. म्हणून डोस अर्धा केला. डॉक्टरांना पुढच्या वेळी सांगेन.

५ डिसेंबर, गुरुवार.
तळमजल्यावरचे नरसिंहराव लिफ्टपाशी भेटले. एकाहत्तर वर्षांचे. घराणं चार पिढ्या येलहंक्यातलंच, तरी घरात जुन्या वळणाची मराठी. जुन्या गावात वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं, ते आता बंद. बायको शारदाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी मेघाश्री शाळेत शिकवते, तिच्याजवळ राहतात. आजवर आमचं बोलणं म्हणजे नमस्कार आणि पाणी आलं का.
आज आपणहून म्हणाले, "मासे धरायला जाता म्हणे, श्रीरंगराव. मलाही नेवा की."
कोणी सांगितलं ते विचारलं नाही. बिल्डिंगमध्ये बातमी पसरतेच. बिचारा एकटा माणूस, दिवसभर काय करत असेल? नेतो. समाजासाठी आपणही काही करायला हवं.
आसावरीला सांगितलं तर "बरं झालं" म्हणून ती लगेच स्वयंपाकघरात गेली. नळ खूप वेळ चालू होता. भांडी पुष्कळ असावीत.

७ डिसेंबर, शनिवार. दुपारी.
पहिली मोहीम. चार पन्नासला निघालो. एअरपोर्ट रोडवर दाट धुकं. नरसिंहराव मागच्या सीटवर न बसता हट्टाने पुढे बसले. अंगात स्वेटरवर स्वेटर, कानटोपी, मफलर, आणि खोकला. खोकला निघाल्यापासून पोहोचेपर्यंत.
जलाशय देवनहळ्ळीच्या पुढे, बांधाच्या पलीकडे. पाणी १९ अंश. हवा त्याहून गार. बांधावर कावेरी नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. तिचा नवरा मासेमारीच्या कॉन्ट्रॅक्टरची टोपलीसारखी गोल होडी चालवतो, पासही तीच देते. पास देताना ती कन्नडमध्ये बरंच काही बोलली, माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा. नरसिंहरावांनी भाषांतर केलं, "जागा छान आहे म्हणते." तिचं वाक्य याहून लांब होतं. पण कन्नड ऐकायला लांबच वाटते.
गांडुळांचा डबा उघडला तर नरसिंहराव "नारायण, नारायण" म्हणत दहा पावलं मागे. म्हणजे शाकाहारी! कांदाही खात नाहीत. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. तरी मी वाट काढली. त्यांना नाचणीच्या पिठाचा गोळा दिला आणि एक जुनी काठी. ते आता शाकाहारी आमिष विभागाचे प्रमुख.
पाण्याच्या आणि माझ्या मधे स्टूल टाकून बसतात. दोनदा सांगितलं की कास्टिंगला, म्हणजे गळ फेकायला, अडचण होते. "सरी, सरी," म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये बरं बरं, आणि तिथेच बसले.
मासे: शून्य. कारण: वारा.

१४ डिसेंबर, शनिवार.
दर वीस मिनिटांनी जागा बदलायची, हे तंत्र आज वापरलं. सहा जागा. नरसिंहराव प्रत्येक वेळी स्टूल घेऊन मागे. चढावर थांबून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि शिट्टी वाजावी तसा श्वास. फिटनेस शून्य. प्राणायाम सुचवला. "करतो की," म्हणाले.
आसावरीचा दर तासाला फोन. मासा लागला का, हे तिला तोंडाने विचारवत नाही, म्हणून काही खाल्लं का असं विचारते. नरसिंहरावांनाही सारखे फोन. लांब जाऊन बोलतात. वाऱ्यावर ऐकू आलं: "आहेत, आहेत. बसलेत. दिसतात मला." फ्लोटबद्दल असणार. माणूस शिकतोय.
मासे: शून्य. पाणी फार स्वच्छ आहे, माशाला दोरा दिसतो.

२१ डिसेंबर, शनिवार.
पाणी १८.५. एवढ्या धुक्यात फ्लोटही दिसेना, काठीचं टोक बोटाने चाचपत बसलो.
कावेरीबाई आज स्वतः काठावर आल्या. चहाचे ग्लास ठेवून मला लेक्चर. नरसिंहरावांनी या वेळी मन लावून भाषांतर केलं. एवढ्या थंडीत मासा सकाळी तोंड उघडत नाही. उन्हाने काठाचं पाणी कोमट झालं की येतो, अकराच्या पुढे. त्या बाजूला, जिथे ऊन आधी पडतं आणि वारा लागत नाही, तिथे बसावं. दोरा बारीक, गळ लहान, नाचणी आणि शेंगदाण्याची पेंड मळून हरभऱ्याएवढी गोळी. आणि एका जागी बसावं. माणूस सारखा उठला तर मासा काय करेल?
आभार मानले. परंपरागत ज्ञानाचा मी आदर करतो. पण या बाईंनी कटल्यावर अभ्यास केलेला नाही.
साडेदहाला निघालो. वाटेत नरसिंहरावांना फोन आला, कावेरीबाईंचाच. अकरा वाजून पाचला त्याच उन्हाच्या बाजूला एका माणसाला लागोपाठ तीन सायप्रिनस लागले. इथे त्याला गौरी म्हणतात.
गौरी माझ्या प्रोजेक्टच्या स्कोपमध्ये नाही.

२२ डिसेंबर, रविवार.
आसावरी म्हणाली, अकरालाच जा ना, नरसिंहरावांना फार खोकला आहे. मी समजावलं की पहाटेचा तास सोन्याचा असतो. ती म्हणाली, "सात आठवडे झाले, श्रीरंग." कशाला सात आठवडे, ते बोलली नाही. मोहीम सुरू होऊन तीनच झालेत. हिशोबात ती कच्चीच.

२९ डिसेंबर, रविवार.
धक्कादायक प्रकार. नरसिंहरावांच्या काठीचा दोरा गुंतला म्हणून मी ओढून घेतला, तर टोकाला गळच नाही! शिसं आहे, नाचणीची गोळी आहे, गळ नाही. कधीपासून? म्हणाले, "पहिल्या दिवसापासून. मीच काढून टाकतो हो. चुकून एखादं लागलं बिगिलं तर?"
म्हणजे चार आठवडे हा गृहस्थ माशांना जेवू घालतोय. मी शांत राहिलो. वय झालं की माणसाला उद्देश लक्षात राहत नाही. विचारलं, मग येता कशाला? पाण्याकडे पाहत म्हणाले, "घरात बसून काय करू. इथे गप्पा होतात."
गप्पा कसल्या, मी तर बोलतच नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार.
आढावा. फेऱ्या: नऊ. मासे: शून्य. शिकवण: अमाप.
टीममधून नव्या वर्षाचा मेसेज. खाली नव्या मॅनेजरचं नाव. नीरजा म्हणून कोणी आहे, मुलाखत मीच घेतली होती तिची. छान आहे. सिस्टिम अशी हवी की माणूस निघाला तरी काही अडू नये, हे मीच सगळ्यांना सांगायचो.
साडेचारचा गजर आता लागत नाही. तीनलाच जाग येते. फायदा: आमिष निवांत मळता येतं. मळून झाल्यावरही दीड तास उरतो. त्यात काही करत नाही. बसतो.
गोळ्या पूर्ण बंद. तसं बरंच वाटतंय. बरं म्हणजे, काही वाटत नाही.

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.
हे सविस्तर लिहायलाच हवं.
गाडी सकाळी सुरूच झाली नाही. मेकॅनिक येऊन बॅटरी बदलेपर्यंत नऊ. पोहोचलो तेव्हा पावणेअकरा. नाइलाजाने उन्हाची बाजू, कारण माझ्या जागी म्हशी होत्या. पाणी २२. जाड दोरा घरी राहिलेला, म्हणून बारीक. कावेरीबाईंनी हातात पेंडीची गोळी ठेवली, म्हणून ती.
अकरा पंचवीसला फ्लोट आडवा झाला, मग सरळ खाली गेला.
झटका दिला. काठी वाकली. रीळ किंचाळत सुटलं. काय ताकद होती! खाली कोणीतरी जिवंत होतं आणि ते मला ओढत होतं. नरसिंहराव स्टूल पाडून उभे, मफलर सुटलेला, दोन्ही हात हवेत, "बिडबेडी! बिडबेडी! सोडू नका हो!" शाकाहारी माणूस, पण नाचत होता. कावेरीबाई बांधावरून धावत आल्या. मी हसत होतो. ते मला नरसिंहरावांनी नंतर सांगितलं.
रिळाचा ब्रेक घट्ट ठेवला होता, म्हणून दोरा तुटला. व्हिडिओत सांगितलं होतं की थंडीत बारीक दोऱ्याला ब्रेक सैल हवा. मला माहीत होतं.
कटलाच होता. दहा नाही, पण सात नक्की.
नरसिंहराव म्हणाले, "उद्या परत लागेल हो. ते काय कुठे जातंय." कावेरीबाईंनी फुकट चहा दिला. आसावरीला फोन करून नरसिंहरावांनीच सगळं रंगवून सांगितलं. ती फोनवर रडली म्हणे. मासा सुटल्याचं वाईट वाटलं असणार.
मी काठावर बसून होतो. पाणी परत सपाट झालं होतं. इतकं पटकन सपाट होतं ते.

९ जानेवारी, गुरुवार.
एचआरचा व्हिडिओ कॉल. मुलगी फार गोड बोलते. चार फेब्रुवारीनंतर "तुमच्यासाठी योग्य भूमिका आपण मिळून शोधू." माझी भूमिका आता नीरजाकडे आहे. मी म्हणालो, ग्रेट. तीनदा म्हणालो.
आसावरी दाराआड उभी होती. विचारलं, काय म्हणाले? ग्रेट, म्हणालो.
डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द केली. हवामान उत्तम आहे, उद्या सराव.

११ जानेवारी, शनिवार.
नरसिंहरावांना ताप. मेघाश्री म्हणाली, उद्या अप्पा येणार नाहीत. मी म्हणालो, काही हरकत नाही, मी एकटा जातो. एकटं गेलं की एकाग्रता वाढते.
अर्ध्या तासात नरसिंहराव स्वतः वर आले. जिन्याने, लिफ्ट बंद होती. दार धरून पुष्कळ वेळ नुसते उभे. मग म्हणाले, "ताप उतरला. येतो मी."
खरंच आवड लागली आहे त्यांना.

१३ जानेवारी, सोमवार.
काल लिहिता आलं नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण लोक भलतंच बोलतायत.
पावणेसहाला पोहोचलो. पाणी १७.५, आजवरचं सर्वांत गार. धुकं असं की बांध दिसेना. नरसिंहराव गाडीतच थांबतील असं मी सुचवलं. ऐकलं नाही. शाल पांघरून स्टुलावर.
साडेसहाच्या सुमाराला माझा दोरा पाण्याखालच्या झाडाच्या खोडात अडकला. जलाशय भरताना बुडालेली झाडं आहेत तिथे. नरसिंहराव टपरीवर चहा आणायला गेले होते. दोरा सोडवायला मी पाण्यात उतरलो. गुडघे, कंबर, छाती. थंडी वाटली नाही, हे नोंदवण्यासारखं आहे.
मागून आवाज. "श्रीरंगराव! श्रीरंगराव!" वळलो तर नरसिंहराव पाण्यात. दोन स्वेटर, कानटोपी, धोतर, सगळ्यासकट. पोहता येत नाही त्यांना. माझ्याकडे हात करून चालत येत होते. मग चालायला जमीन राहिली नाही आणि ते दिसेनासे झाले.
मी परत फिरलो. स्वेटर धरून ओढलं. लोकर भिजली की माणूस किती जड होतो! कावेरीबाईंचा नवरा होडी घेऊन आला, दोघांनी त्यांना वर घेतलं. श्वास घेत होते, पण तो श्वास नव्हता, घरघर होती.
म्हणजे मी त्यांना वाचवलं. ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. ते पाण्यात का आले, हे मला विचारण्यात काय अर्थ?
कावेरीबाई मला खूप बोलल्या. भाषांतर करायला कोणी नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसांना. आयसीयू. मेघाश्री बाहेरच्या बाकावर. मी तिच्यासाठी डबा नेला. तिने घेतला, उघडला नाही.
आसावरी माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही. बाथरूमची कडी तिने काढून टाकली आहे. सुतार न बोलावता, स्वतः, स्क्रू ड्रायव्हरने. कधी शिकली कोण जाणे.

१८ जानेवारी, शनिवार.
पाच मिनिटं आत सोडलं. मास्कमागे चेहरा लहान झालाय. मी म्हणालो, लवकर बरे व्हा, अजून एक शनिवार आहे आपल्या हातात. त्यांनी मास्क स्वतःच बाजूला केला. नर्स ओरडली.
"दोरा," म्हणाले. "त्या दिवशी. दोराच सोडवायला गेला होता काय?"
"हो," मी म्हणालो.
"सुटला?"
"सुटला."
"सरी," म्हणाले. माझा हात थोपटला. "सरी, सरी."
नर्सने मास्क परत लावला. मी बाहेर येऊन कॉफी घेतली. साखर तीन वेळा घातली, असं आसावरी म्हणते.

२१ जानेवारी, मंगळवार.
एअर फोर्सच्या विमानांचा सराव सुरू झालाय. दिवसभर खिडक्या थरथरतात.
उरलेल्या दहा दिवसांचा प्लॅन: अकरा ते तीन, उन्हाची बाजू, बारीक दोरा, ब्रेक सैल, एकच जागा. कावेरीबाईंचं सगळं मान्य. आता काही चुकायला जागाच नाही. दहा नाही तर आठ किलोही चालेल.
गाडीची किल्ली सापडत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार.
नरसिंहराव सकाळी सहाला गेले.

२५ जानेवारी, शनिवार.
मेघाश्री वर आली. आसावरीने तिला बसवलं. मी आत होतो, मला बोलावलं.
म्हणाली, "मी भांडायला आले नाही, श्रीरंग अण्णा. पण तुम्हाला माहीत असायला हवं." मग शाळेत सांगावं तसं ओळीने सांगितलं. अप्पांना तीस वर्षं दमा. थंडीत पहाटे बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. माशाचा वासही त्यांना सहन व्हायचा नाही, घरी येऊन प्रत्येक वेळी डोक्यावरून आंघोळ करायचे. चार डिसेंबरला आसावरी अक्का खाली आली होती. म्हणाली, हे पाण्यावर एकटे जाणार, मला भीती वाटते, मी बरोबर येते म्हटलं तर चिडतात. कोणीतरी असं हवं की त्यांना कळणार नाही. "माझी शाळा. अप्पा म्हणाले, मी जातो की. मला तरी काय काम आहे."
मी आसावरीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. म्हणाली, "मला त्यांच्या दम्याचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही."
 वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत थांबावं लागलं.
उठताना मेघाश्री म्हणाली, "अप्पांनी शेवटी दोन गोष्टी सांगितल्या. एक दुकानातल्या कपाटाची. आणि दुसरं म्हणजे, त्यांना एकट्याला पाठवू नका." तिचा आवाज तिथे फाटला. "मी म्हटलं, अप्पा, तुम्ही कशाला गेला होता पाण्यात, तुम्हाला पोहता येत नाही. तर म्हणाले, मी हाका मारत होतो, ते वळत नव्हते."
मी तिला सांगितलं की मला ऐकू आलं नव्हतं. धुक्यात आवाज पोहोचत नाही, हे शास्त्र आहे.
ती बरं म्हणाली आणि खाली गेली.

२८ जानेवारी, मंगळवार.
काही नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार. सकाळी १०.
मुदतीचा दिवस.
ऐकू आलं होतं. चार हाका आल्या. चौथ्या हाकेला वळलो, कारण ती अर्धीच आली.
दोरा खोडात अडकला, हे खरं. पण तो मी काठावरूनच ओढला होता आणि तो तुटला होता. सोडवायला काही राहिलंच नव्हतं. काठी मी नीट गवतावर ठेवली. चष्मा काढून तिच्या शेजारी ठेवला. नरसिंहराव टपरीकडे वळले होते आणि मी पाण्यात चालू लागलो. काही ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं असं आजवर म्हणतोय, तेही धड खरं नाही. त्यांना चहा आणायला मीच पाठवलं होतं.
आज सकाळी आसावरी पोहे परतत होती. तिला हे सगळं सांगितलं. याच क्रमाने, चष्म्यासकट. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. विचारलं, "आणि नरसिंहरावांना काय सांगितलंस?"
म्हणालो, "सुटला म्हणून."
 मग तिने पदराने चेहरा पुसला, फोन घेतला, डॉक्टरांना लावला आणि माझ्यासमोरच बोलली, काही न लपवता. साडेअकराला बोलावलं आहे. तिथून परत आलं की खाली मेघाश्रीकडे जायचं आणि हे जे लिहिलंय ते मी तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आसावरी सोबत असेल, पण ती बोलणार नाही, असं म्हणाली.
मी विचारलं, मेघाश्रीला सांगितलंच पाहिजे का? आता त्याचा कोणाला काय उपयोग?
ती म्हणाली, "बूट घाल."
गाडी ती चालवणार आहे. मी घालतोय.